शेगडी उंचावर, सिलिंडर जमिनीवर



पनवेलमध्ये मी गेली अनेक वर्षे गॅसच्या शेगड्या बसवतो आणि दुरुस्त करतो. आपल्या मंडळीतर्फे तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर जाऊ लागलो तेव्हा वाटले होते, यात नवे काय शिकायचे? पहिल्याच घरी माझी चूक झाली.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर वाड्यांवरही बायकांच्या नावाने गॅस आला. त्या घरच्या आजी आयुष्यभर चुलीपुढे बसून रांधत आलेल्या. त्यांना सोयीचे पडावे म्हणून मी शेगडी जमिनीवरच, सिलिंडरशेजारी मांडली. आठवड्याने गेलो तर नळी एका बाजूने तापून कडक झालेली. देवाच्या दयेने काही घडले नव्हते, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण समजून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर धुरासारखा कौलांतून वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. बर्नरही तिथेच असला तर साचलेल्या गॅसला ठिणगी आयती मिळते. म्हणून सिलिंडर जमिनीवर उभा ठेवायचा, कधीही आडवा नाही, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच. १४.२ किलोचा सिलिंडर साधारण दोन फूट उंच असतो, म्हणून ओटा अडीच फुटांचा हवा. कारवीच्या कुडाला टेकवून लाकडी फळी ठोकू नका. विटा रचून वर शहाबादी फरशी टाका आणि कुडापासून हातभर अंतर सोडा. आजींना ओटा आवडला नाही. "उभं राहून रांधायचं म्हणजे निघायच्या घाईत असल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. आता सवय झाली आहे.

चूल सुटलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. सिलिंडर संपला की पुढचा भरायला पैसे लागतात, मग पुन्हा लाकूडफाटा. दोन्ही एका खोलीत पेटू नयेत म्हणून चूल पडवीत हलवायला सांगतो.

जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. पण तो गेल्यावर घरच्यांनी काय पाहायचे, ते मी शिकवतो. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, कपड्याने झाकलेली नको. पाच वर्षांनी ती बदलायचीच. सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून गळती पाहणारे शहाणे शहरातही मी पाहिले आहेत!

गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. घरात सुकट टांगलेली असताना तो ओळखू येईल का, असे मी विचारले. आजी हसल्या. "सुकटीनं भूक लागते, यानं डोकं उठतं." वास आला तर रेग्युलेटर बंद करून दार उघडायचे. दिव्याचे बटण चालूही करायचे नाही, बंदही नाही. वास फार असेल किंवा घरात विस्तव असेल तर आधी माणसे बाहेर, मग दुरून १९०६ ला फोन.

पावसाळा सरला की बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि घर काही महिने बंद राहते. निघताना रेग्युलेटर काढून सिलिंडरवर टोपण घट्ट बसवायचे. परतल्यावर पेटवण्याआधी नळी बोटाने चाचपायची, कारण मधल्या काळात घर उंदरांचे असते. गेल्या वर्षी दोन घरांत कुरतडलेल्या नळ्या सापडल्या.

एक विनंती. आपल्यापैकी काही जण जुनी शेगडी प्रेमाने पाठवतात. ती जरूर पाठवा, दुरुस्त करून देतो. सोबत जुनी नळी मात्र पाठवू नका. तिच्याऐवजी एका फरशीचे पैसे द्या. अजून पाच घरांत शेगडी जमिनीवरच आहे.