गाडीवर हात बसला, पण नजर?

दवाखान्यात येणारे पालक कौतुकाने सांगतात, "डॉक्टर, पोराचा गाडीवर हात चांगला बसलाय." ऐकून मला काळजीच वाटते. हात महिन्याभरात बसतो. धोका ओळखणारी नजर बसायला फार वेळ लागतो.

९ डिसेंबर २०२४ रोजी पहाटे बारामती-भिगवण रस्त्यावर, इंदापूर तालुक्यातील लामजेवाडीजवळ मोटारीला अपघात होऊन तरुणांचे बळी गेले. ते बारामतीत विमान चालवायला शिकत होते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. मोटारीचा शिकाऊ परवाना काढला की ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते आणि ती काही मिनिटांत आटोपते. रात्री वा पावसात गाडी कशी आवरावी, हे शिकायचे राहूनच जाते.

थोडे गणित पाहू. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत निरोगी माणसालाही सुमारे दीड सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट केला, तर ब्रेकनंतरचे अंतर चौपट होते. डिपरवर मात्र जेमतेम ५० मीटरपर्यंतचे नीट दिसते. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय पुढे असतील, तर त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तरुणांचे हातपाय चपळ असतात. पण मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. म्हणून नुसते कसब शिकवून भागत नाही. नॉर्वेमध्ये १९७९ साली निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यानंतर तरुण पुरुषांचे तसे अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. कसबाबरोबर फाजील आत्मविश्वासही आला होता.

पालकांनी एवढे करावे :

१) परवाना मिळाल्यावरही काही महिने मुलाशेजारी बसावे, आधी दिवसा, मग रात्री, मग पावसात.

२) मोकळ्या मैदानावर, आसपास कोणी नसताना, ताशी ३० आणि मग ४० च्या वेगात जोरात ब्रेक दाबायला लावावे व थांबण्याचे अंतर पावलांनी मोजायला लावावे. एबीएस असलेल्या गाडीत पायाखाली थरथर जाणवते. तरी पाय काढू नये.

३) पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावावा. रात्री उजेडाच्या टप्प्यात गाडी थांबेल एवढाच वेग ठेवावा. झोप आली असेल किंवा दारू घेतली असेल, तर गाडी चालवूच नये.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या भीतीपेक्षा पोटच्या पोराची काळजी मोठी मानून हा नियम पाळावा, अशी माझी विनंती आहे.