आलेखातली वेलांटी का घसरते?

प्रश्न : आमच्या शाळेत पर्जन्यमापक आहे. जून ते सप्टेंबरच्या नोंदींचा आलेख मी पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबने काढला. मराठी नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले. फॉन्ट बदलल्यावर अक्षरं उमटली, पण ‘मिलिमीटर’ आणि ‘पर्जन्य’ हे दोन्ही शब्द मोडके दिसतात. माझं टायपिंग चुकतंय का?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : नाही, तुमचं टायपिंग बरोबर आहे. तोच शब्द कॉपी करून ब्राउझरमध्ये चिकटवून पाहा, नीट दिसेल. मजकूर शाबूत आहे. बिघाड तो चितारण्यात आहे.

चौकोनांचं कारण साधं. मॅटप्लॉटलिब मुळात डेजाव्हू सान्स हा फॉन्ट वापरतं आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. २३५० क्रमांकाचं चिन्ह फॉन्टमध्ये नाही, असा इशारा तुम्हाला दिसला असेल. २३५० म्हणजे युनिकोडमधला आपला ‘म’. नोटो सान्स देवनागरी बसवून कोडमध्ये त्याचं नाव दिलं की चौकोन जातात.

वेलांटीचं दुखणं खोल आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात : आधी ‘म’, मग वेलांटी. लिहिताना मात्र पहिली वेलांटी ‘म’च्या अलीकडे येते. ही जागा बदलणं, ‘र’चा रफार करून ‘ज’च्या डोक्यावर ठेवणं, अर्धा ‘न’ ‘य’ला जोडणं, यांचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वाचून अमलात आणणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत हे काम हार्फबझ करतो. मॅटप्लॉटलिबच्या सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्यांत तशी सोय नाही. त्या चिन्हं साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक ठेवतात. इंग्रजीला तेवढं पुरतं, मराठीला नाही. म्हणून ‘मिलिमीटर’मधल्या पहिल्या ‘म’ची वेलांटी ‘ल’ला चिकटते, ‘ल’ची पुढच्या ‘म’ला, आणि त्या एका ‘म’ला डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी अशा दोन वेलांट्या लागतात. ‘पर्जन्य’मधले ‘र’ आणि ‘न’ पाय मोडून सुटे उभे राहतात.

वेलांटी आधी टाइप करून शब्द ‘जुळवण्याची’ युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. चित्र बरं दिसेल, पण शब्द खोटा होईल : शोधून सापडणार नाही, इतरत्र चिकटवला की फुटेल. शिवाय जोडाक्षरं तशीच मोडकी राहतील.

सोपा मार्ग एसव्हीजीचा. कोडमध्ये ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ ही सेटिंग ‘नन’ ठेवा आणि आलेख एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. मग अक्षरांची रेखाचित्रं न होता मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो त्याच्या नियमाने मांडतो. लाटेक येत असेल तर पीजीएफ बॅकएंड आणि झीलाटेकनेही काम होतं. मात्र फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी आहे हेही सांगावं लागतं. पाच-दहा आलेखांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

एक काळजी घ्या. एसव्हीजी ज्या संगणकावर उघडेल, तिथेही तो फॉन्ट असावा लागतो. आलेख मुलांना किंवा पालकांना पाठवायचा असेल, तर आधी आपल्याच संगणकावर इंकस्केपमध्ये उघडून पीएनजी करा आणि तो पाठवा.