बर्फाचे थर आणि हिमस्खलन : वर्गात करून दाखवता येणारा पाठ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या बिडकीनच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर गारपिटीत. मग हिमस्खलन कशाला शिकवायचं? कारण आपल्या भागातली पोरं सैन्यात जातात, आणि अलीकडे हिवाळ्यात हिमालयात ट्रेकलाही जातात.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले. पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचंही निधन झालं.

तिथे कडाच तुटला. ट्रेकच्या वाटेवर मात्र साधासुधा दिसणारा उतारही घात करतो. डोंगरावरचा बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर बसतो. कडाक्याच्या थंडीत आतल्या थराचे कण साखरेसारखे मोकळे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला की वरून सगळं पक्कं दिसतं. माणसाचं वजन पडतं, खालचा थर बसतो आणि वरची अख्खी लादी सुटते. अशा अपघातांत बहुतेक वेळा लादी सुटते ती अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने.

हे वर्गात दाखवा. पाटावर खरखरीत कागद चिकटवा, त्यावर दाणेदार साखर पसरा, वर मैदा चाळून हलक्या हाताने दाबा. एक टोक हळूहळू उचला, बाजूला कोनमापक धरा. मैदा किती अंशांवर सुटला ते मुलांनाच लिहू द्या. मग साखरेशिवाय करा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. (मुंग्यांचा बंदोबस्त आधीच करा!) पाटावरचा आकडा डोंगराशी जुळेलच असं नाही. तिथे लाद्या बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही.

पालकांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावं : वाट कोणत्या उताराखालून जाते? जोरदार हिमवर्षावानंतर लगेच निघणार का? लख्ख ऊन पडलेला पहिला दिवस फोटोला सुंदर असतो, पण नव्या बर्फाचा भार तेव्हा अजून स्थिरावलेला नसतो. आणि गटाकडे फावडी, शोधकाठ्या, प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारं यंत्र आहे का, हेही विचारा. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता बरीच असते, पुढे ती झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात खणणारे हात सोबत्यांचेच असतात.