कर्ज मिळाले, पुढे काय?
(उद्योगाला साहाय्य करणाऱ्या कंपनीचा एक अभ्यास)

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक लहानसा प्रसंग आपल्या व्याख्यानांतून फारसा ऐकू येत नाही. बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब १९१७ साली मुंबईस परतले. पुढील वर्षी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू होईपर्यंत चरितार्थासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली आणि शेअर्सचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढीही काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करून आलेल्या विद्वानाच्या सल्ल्यात उणे काय असणार! परंतु सल्ला देणारे गृहस्थ अस्पृश्य आहेत हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली.

विद्यार्थी मित्रांनी हा प्रसंग केवळ दुःखाचा म्हणून न वाचता व्यापाराचा धडा म्हणूनही वाचावा, असे मला वाटते. धंद्याला भांडवल लागते आणि ज्ञान लागते हे आपण जाणतो. पण त्याखेरीज ओळख लागते, भरवसा लागतो, कोणीतरी पहिली ऑर्डर द्यावी लागते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे त्यांच्या मुलाला या गोष्टी वडिलांच्या गादीवर बसूनच मिळतात. माल कोठून घ्यावा, उधारी कोणाला द्यावी, कोणाचा चेक परत येतो हे त्याला शाळेत जावे न लागता कळते. आपल्या मुलाला हे सांगणारे घरात कोणी नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी जी संस्था किंवा कंपनी काम करते, तिला उद्योग-साहाय्य कंपनी म्हणता येईल. प्रस्तुत लेखात तिचे काम कसे चालते, ते कोठे फसते, आणि आपल्यासारख्या समाजात तिची गरज का आहे, याचा विचार करावयाचा आहे.

मी बँकेत कारकून आहे. कर्जाच्या फायली माझ्या हातून जातात. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील एका होतकरू मुलाने मिरची-मसाला कांडपाच्या यंत्रासाठी कर्ज घेतले. कागद सर्व बरोबर होते, यंत्रही चांगले होते. मात्र त्याला थ्री-फेज वीज लागते आणि त्या जोडणीला वेळ लागतो, हे त्याला कोणी सांगितले नाही. मीही सांगितले नाही, कारण फायलीत तो रकाना नव्हता. पाच महिने यंत्र घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभे राहिले. हप्ता मात्र सुरू झाला होता. शेवटी त्याच्या आईने अंगावरचे विकून तीन हप्ते भरले. तो मुलगा आज दुसऱ्याच्या दुकानात काम करतो आणि मला रस्त्यात भेटला तरी आदराने नमस्कार करतो. तो नमस्कार घेताना मला अवघडल्यासारखे होते.

कर्ज हे औषधासारखे आहे असे आपण समजतो. घेतले की गुण येणार. हा समज किती अपुरा आहे, हे बेसिक्स या संस्थेच्या अनुभवावरून दिसते. विजय महाजन यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली हैदराबाद येथे हा कंपन्यांचा समूह उभा केला. गरिबांना उपजीविकेसाठी कर्ज द्यावे आणि ते धर्मादाय म्हणून न देता धंद्याच्या शिस्तीने द्यावे, ही त्यामागील कल्पना. पाच वर्षांनी, म्हणजे २००१ साली, त्यांनी आपल्याच कर्जदारांची पाहणी करविली. तीन वर्षांहून अधिक काळ कर्ज घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांचे उत्पन्न वाढले होते, २५ टक्क्यांचे होते तेवढेच राहिले होते आणि २३ टक्क्यांचे उत्पन्न चक्क घटले होते. एखाद्या संस्थेने वाढलेले ५२ टक्के तेवढे अहवालात छापले असते आणि सत्कार करून घेतला असता. या मंडळींनी उरलेल्या ४८ टक्क्यांकडे पाहिले, हे मला विशेष वाटते.

त्यांना कारणे तीन दिसली. पहिले, जोखमीपासून संरक्षण नाही; पाऊस गेला किंवा म्हैस मेली की सारे संपले. दुसरे, उत्पादन कमी. तिसरे, खरेदी-विक्रीत गरिबाची पडती बाजू. माल घेताना महाग, विकताना स्वस्त. यांतले एकही कारण आणखी कर्ज देऊन दूर होणारे नव्हते. म्हणून त्यांनी कर्जाच्या जोडीला दोन कामे घेतली. एक, विमा, माती-परीक्षण, जनावरांची निगा, पीक व धंद्याविषयीचा सल्ला. आणि दुसरे, उत्पादकांना एकत्र आणून त्यांचे गट व संस्था बांधणे. २००३ साली महबूबनगर जिल्ह्यात २३० शेतकऱ्यांना पावसाच्या प्रमाणावर आधारलेला विमा मिळाला, तो याच प्रयत्नातून. भारतातील तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानतात. सल्ला-सेवेसाठी शेतकऱ्याकडून शुल्क घेतले जाई. फुकट दिलेला सल्ला घेणाराही मनावर घेत नाही आणि देणाराही, हे आपण आपल्या मोफत शिबिरांत पाहतोच.

या कहाणीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात आंध्र प्रदेश सरकारने सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांवर कडक वटहुकूम काढला. अनेक कंपन्यांनी स्पर्धेपायी एकेका बाईच्या गळ्यात तीन-तीन, चार-चार कर्जे घातली होती आणि वसुलीच्या जाचाच्या, आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. त्यानंतर त्या राज्यातली वसुली जवळजवळ थांबली. सुक्याबरोबर ओलेही जळते तसे होऊन बेसिक्सच्या कर्ज देणाऱ्या कंपनीलाही जबर फटका बसला. माझ्या समजुतीप्रमाणे यातून घ्यावयाचा धडा असा, की साहाय्याचे काम आणि कर्जाचे काम एकाच दोरीला बांधू नये. कर्ज देणाऱ्याला शेवटी आपले पैसे परत हवे असतात. तो कर्जदाराला “हे कर्ज घेऊ नकोस” असे मोकळेपणाने सांगू शकत नाही. साहाय्य करणाऱ्याला मात्र हे सांगता आलेच पाहिजे.

आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे उदाहरण यापेक्षा जवळचे आहे. म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठविले होते. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. नंतर अधिकाऱ्यांपुढे जाऊन त्यांनी सांगितले, आम्हाला व्याजाचा हिशेब विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला. (आम्हा कारकुनांपैकी किती जण ती परीक्षा पास झाले असते, हा प्रश्न निराळा.) पण या संस्थेची खरी हुशारी पुढे दिसते. भाजी विकणाऱ्या बाईला बँकेत यायला दिवस मोडावा लागतो, हे ओळखून बँकच तिच्या दारी गेली. आणि बँकेला जोडून संस्थेने स्त्रियांसाठी धंद्याचे शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे ती बसमध्ये घालून गावोगाव नेली. गिऱ्हाइकाची अडचण तिच्या पायाने चालून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

आता एक हिशेब करू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

समजा, आपल्या वसाहतीतील एका भगिनीच्या शिलाई केंद्राला शाळेच्या ५०० गणवेशांची ऑर्डर मिळाली. दर ४०० रुपये, म्हणजे बिल २,००,००० रुपये. कापड १,१०,०००, मजुरी ४०,०००, वीज, वाहतूक व इतर १०,०००; एकूण खर्च १,६०,०००. नफा ४०,००० रुपये. सर्वांना आनंद होतो, पेढे वाटले जातात. परंतु बिलाचे पैसे चार महिन्यांनी आले. खर्चाची रक्कम तिने सावकाराकडून दरमहा ३ टक्क्यांनी उचलली होती. महिन्याचे व्याज ४,८०० रुपये, चार महिन्यांचे १९,२०० रुपये. जवळजवळ अर्धा नफा गेला. हीच रक्कम बँकेकडून वार्षिक १२ टक्क्यांनी मिळाली असती तर व्याज ६,४०० रुपये झाले असते. शिवाय दुसऱ्या महिन्यात आलेली नवी ऑर्डर तिला पैशांअभावी सोडावी लागली, तो तोटा या हिशेबात धरलेलाच नाही. ती नफ्यात असूनही बुडू शकते. खेळते भांडवल म्हणजे काय, हे पुस्तकातील व्याख्येपेक्षा या उदाहरणातून लवकर कळेल.

या भगिनीच्या बाजूने कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. मात्र त्यासाठी माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी झालेली असावी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून तिला एक पैसाही शुल्क नाही. तरीही ती करून देण्याचे हजार-दोन हजार रुपये घेणारे एजंट प्रत्येक वस्तीत आहेत.

एजंट आणि साहाय्य कंपनी यांतील फरक येथेच समजून घ्यावा. एजंटाचे काम कर्ज मंजूर होताच संपते, कारण त्याचा हिस्सा त्याच दिवशी मिळतो. धंदा चालो वा बुडो, त्याला कर्तव्य नाही. म्हणून आपली कंपनी काढावयाची झाल्यास तिने कर्जाच्या रकमेवर टक्केवारी कधीही घेऊ नये. कामाचे ठरलेले, फलकावर लिहिलेले शुल्क घ्यावे आणि पावती द्यावी. हिशेबाची वही लिहून देण्याचे इतके, निविदा भरण्याचे इतके. आणि वर्षाच्या शेवटी किती जणांना कर्ज मिळाले हे न छापता, दोन वर्षांपूर्वी सुरू केलेल्यांपैकी किती जणांची दुकाने अद्याप उघडी आहेत, ते छापावे.

निविदा हा शब्द आपल्याकडे अजून परका आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा आहे. तो भाग पूर्वी २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ टक्के झाला. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखलेला आहे. निविदा अर्ज मोफत, बयाणा रकमेतून सूट, अशा सवलती आहेत. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीने, म्हणजे डिक्कीने, अशा धोरणासाठी पाठपुरावा केला होता. परंतु प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहिली. नोकरीतील राखीव जागा रिकामी राहिली की आपण मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. ही जागा रिकामी राहते तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो. यात खात्यांची अनास्था आहेच. पण माल, कागदपत्रे, दर्जाचा दाखला व तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन दारात उभा राहणारा पुरवठादारही कमी पडतो. तो तयार करणे हे कोणत्याही एका बँकेचे काम नाही.

५ एप्रिल २०१६ रोजी सुरू होऊन मार्च २०२५ पर्यंत चाललेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका व्यक्तीस व किमान एका स्त्रीस १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे ठरले होते. त्यात ‘तयार कर्जदार’ आणि ‘शिकाऊ कर्जदार’ असे दोन वर्ग केले होते. शिकाऊला हात धरून तयार करावे, हा हेतू उत्तम होता. हात धरणारा माणूस शाखेच्या टेबलावर नसतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

कंपनी कोणत्या प्रकारची असावी यावर आपल्या बैठकीत वाद झाला होता. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदविलेली कंपनी नफा मिळवू शकते, पण तो सभासदांना वाटू शकत नाही. तो उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो. मला हा प्रकार योग्य वाटतो. काही तरुणांचे म्हणणे, लाभांश नसेल तर पैसे कोण घालणार? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर, पहिली दोन वर्षे फार पैसे लागतच नाहीत, माणसे लागतात. आपल्या संस्थेत निवृत्त लेखापाल आहेत, वीज मंडळात हयात घालविलेले आहेत, खरेदी विभागात काम केलेले आहेत. थ्री-फेज जोडणीला कोणता अर्ज लागतो हे त्यांतल्या एकाने त्या मुलाला दहा मिनिटांत सांगितले असते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी. वही लिहिल्याशिवाय हे चार भाग पडणार कसे? म्हणून सुरुवात वहीपासून करावी, अशी माझी सूचना आहे. बँकेच्या सेवानियमांमुळे मला कंपनीचा संचालक होता येणार नाही. पण शिकविण्यास हरकत नाही. दर रविवारी सकाळी १० ते १२ संस्थेच्या सभागृहात मी बसेन. ज्यांचा चहाचा गाडा आहे, शिलाई आहे, रंगकाम आहे, त्यांनी मागील महिन्याची जी काही बिले, चिठ्ठ्या, उधारीचे कागद असतील ते पिशवीत घालून आणावेत. लावून आणण्याची गरज नाही. लावायलाच बसायचे आहे.