आज्ञावलीच्या वेगाचें मापन

गतवर्षीं आमच्या हातून एक अन्याय घडला. संगणकाच्या वर्गांत दोन विद्यार्थ्यांनीं एकाच कोशांतील शब्द शोधणाऱ्या आज्ञावल्या पायथॉन भाषेंत लिहिल्या. आम्हीं त्या एकामागून एक एकदांच चालविल्या, लागलेला काळ पाहिला आणि दुसऱ्यास बक्षीस दिलें. पहिला मुकाट्यानें जागेवर जाऊन बसला. मागाहून ध्यानांत आलें कीं, पहिल्याच्या वेळीं कोशाची फाईल डिस्कवरून आणावी लागली. ती यंत्राच्या स्मृतींत राहिल्यामुळें दुसऱ्यास आयती मिळाली. वाट एकानें मळली व चालण्याचें श्रेय दुसऱ्यास लाभलें!

असा घोटाळा टाळण्याकरितां स्वयंचलित मापनसाधनें आहेत. त्यांस बेंचमार्किंगचीं साधनें म्हणतात. पायथॉनमध्यें २००३ सालापासून ‘टाइमइट’ नांवाचें साधन भाषेसोबतच मिळतें. फेऱ्यांची संख्या आपण न सांगितल्यास तें १, २, ५, १०, २० अशा फेऱ्या वाढवीत जातें व एकूण काळ निदान ०.२ सेकंद भरला म्हणजे तितक्याच फेऱ्यांचें मापन ५ वेळां करितें. या पांचांची सरासरी न घेतां सर्वांत लहान आंकडा धरावयाचा. कारण उघड आहे: यंत्रांतील इतर कामें मध्यें आलीं तर काळ वाढतो, त्यांच्यामुळें कमी कधीं होत नाहीं.

जावा भाषेची गोष्ट याहून अवघड. तेथें आज्ञावली चालत असतांच तिचें यंत्रभाषेंत रूपांतर होत जातें. म्हणून आरंभींच्या फेऱ्या मंद असतात. ओपनजेडीके प्रकल्पाचें ‘जेएमएच’ हें साधन त्या फेऱ्या हिशेबांत घेत नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, ज्या गणिताचें उत्तर पुढें कोठेंच लागत नाहीं, तें गणित रूपांतरक चक्क गाळून टाकतो! (गुरुजी वही तपासणार नाहींत असें कळतांच उदाहरण न सोडविणारे विद्यार्थी आमच्या परिचयाचे आहेत.) मग वेग अचाट दिसतो, पण काम झालेलेंच नसतें. यास्तव जेएमएचमध्यें उत्तर ‘ब्लॅकहोल’ नामक वस्तूच्या स्वाधीन करितात. म्हणजे तें निरुपयोगी ठरवितां येत नाहीं.

असो. आम्हीं दोन्ही आज्ञावल्या टाइमइटनें पुन्हा मोजल्या. फाईल वाचण्याचें काम पूर्वतयारींत घातलें. त्याचा काळ हें साधन धरीत नाहीं. दुसऱ्याची आज्ञावली यादींतील शब्द एकेक करून पाहत होती. पहिल्यानें शब्द ‘सेट’मध्यें ठेविले होते, तेथें शब्दावरूनच त्याची जागा गणितानें काढली जाते. मोठ्या कोशांत पहिल्याची आज्ञावली कितीतरी पुढें निघाली. दुसऱ्याचें बक्षीस परत घेणें आम्हांस बरें वाटलें नाहीं; पहिल्याकरितां तसेंच दुसरें पुस्तक आणविलें, आणि चूक कशी झाली तें सर्व वर्गासमोर फळ्यावर लिहून दाखविलें.