डावीकडचा फॉग लाईट गेला, तर



पाड्यांवरील आरोग्य शिबिरे, शाळा आणि विहिरी यांविषयी आपण या पत्रिकेत वाचता. कार्यकर्ता त्या पाड्यापर्यंत पोहोचतो कसा, याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. बहुधा तो मोटरसायकलवरच जातो, आणि पावसाळ्यात परतताना अंधार पडलेला असतो. म्हणून या वेळच्या पाठासाठी मी दौऱ्याच्या मोटरसायकलवरील एक लहानशी वस्तू निवडली आहे : धुक्यात लावायच्या दिव्याचा, म्हणजे फॉग लाईटचा बल्ब. तो उडाला तर काय करायचे, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला यायला हवे. गाडीसाठी मदत करणाऱ्यांनाही ते माहीत असलेले बरे.

१. हा दिवा काय दाखवतो?

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याकडून त्र्यंबकेश्वरकडे चढताना ढग रस्त्यावरच उतरतात. अशा वेळी हेडलाईटचा अप्पर लावला, तर प्रकाश पाण्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाईट खाली बसवलेला असतो. त्याचा प्रकाश रुंद आणि चपटा पडतो, आणि त्याची वरची कड कापल्यासारखी सरळ असते. तो लांबचे दाखवत नाही. तो जवळचा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवतो.

दिवा पिवळा असावा की पांढरा, असे मला नेहमी विचारतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असल्यामुळे दोन्ही रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. रंगापेक्षा दिव्याची उंची आणि त्याचा रोख महत्त्वाचा.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. डाव्या कडेला गटार असते, खचलेली साईडपट्टी असते आणि माणसे असतात. सरपणाची मोळी घेऊन निघालेली बाई, डोक्यावरून घोंगडी घेतलेला गुराखी, त्याची काळी म्हैस, यांपैकी कोणाच्याही अंगावर चमकणारी पट्टी नसते. डावीकडचा दिवा गेला की अंधारात जातात ती हीच माणसे. म्हणून हे काम “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू” म्हणून मागे टाकण्याजोगे नाही.

२. आधी वेग, मग दुरुस्ती

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला त्यानंतर आणखी १५ मीटर तरी लागतात. धुक्यात २० मीटरच दिसत असेल, तर हा हिशेब बसत नाही. ताशी २५ किलोमीटरवर मात्र गाडी साधारण १३-१४ मीटरांत थांबू शकते. दोन्ही दिवे चालू असतानाही हा हिशेब सोडू नये. एक दिवा गेला असेल, तर वेग याहूनही कमी हवा.

३. बल्बच गेला आहे का?

दोन्ही दिवे एकदम बंद पडले, तर बल्बवर संशय घेऊ नका. दोन बल्ब एकाच क्षणी क्वचितच जातात. आधी फ्यूज, मग स्विच, मग रिले तपासा.

एकच दिवा बंद असेल, तर चावी काढून १०-१५ मिनिटे थांबा. हॅलोजन बल्ब इतका तापतो की लगेच हात लावला तर बोटे भाजतात. मग दोन्ही बाजूंच्या बल्बची अदलाबदल करा. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर बल्ब खराब आहे. बिघाड त्याच बाजूला राहिला, तर वायर, कनेक्टर किंवा अर्थिंग पाहायला हवे. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही.

जुना बल्बही पुष्कळ सांगतो. आतली तार तुटलेली दिसली, तर तो वयाने किंवा खड्ड्यांच्या धक्क्यांनी गेला. काच आतून दुधाळ झाली असेल, तर तिला बारीक तडा जाऊन हवा आत शिरली आहे. नवे बल्ब पुन्हा पुन्हा उडत असतील, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचा दाब मोजून घ्या. तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. १५ च्या वर जात असेल, तर बिघाड रेग्युलेटरमध्ये आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय लावलेला नवा बल्बही टिकणार नाही.

४. कोणता बल्ब घ्यावा?

दिव्याच्या काचेवर, जुन्या बल्बच्या बुडावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत प्रकार लिहिलेला असतो. फॉग लाईटमध्ये एच-३ आणि एच-११ हे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे, तर एच-८ हा ३५ वॅटचा बल्ब सामान्यतः आढळतो. जो प्रकार आहे तोच घ्यावा.

दुकानदार १०० वॅटचा बल्ब पुढे करील. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपिअर घेतील. मग फ्यूज उडेल, नाहीतर वायर आणि होल्डर वितळतील. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घालण्याचा मोहही टाळावा. प्रकाश निघण्याची जागा बदलली की ती सरळ कड मोडते, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. काही नव्या गाड्यांचे फॉग लाईट मुळातच बंदिस्त एलईडीचे असतात. त्यांत बल्ब बदलता येत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

५. बदलण्याची रीत

पहिले काम खडूचे. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा आणि चालू असलेल्या दिव्याच्या प्रकाशाची वरची कड भिंतीवर आखून ठेवा. मग चावी काढा, फॉग लाईटचा फ्यूज उपसून ठेवा आणि दिवा थंड होऊ द्या.

दिव्याचे मागचे झाकण किंवा पुढची रिंग काढा. रोख बदलायचा स्क्रू वेगळा असतो, त्याला हात लावू नका. एच-३ बल्ब तारेच्या स्प्रिंगने दाबलेला असतो. स्प्रिंग आत दाबून बाजूला सरकवली की तो सुटतो. त्याला एकच वायर असते आणि परतीचा प्रवाह धातूच्या बैठकीतून जातो, म्हणून ती बैठक गंज काढून स्वच्छ करा. एच-११ आणि एच-८ थोडे फिरवून बाहेर निघतात. त्यांची रबरी रिंग फाटलेली नाही ना, हे पाहा. तिथूनच पाणी आत जाते.

नव्या बल्बच्या काचेला उघडे बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर भाजतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तडकते. बल्ब बुडाकडून किंवा स्वच्छ कापडाने धरा. हात लागलाच, तर स्पिरिटने पुसून वाळू द्या. बल्बच्या बुडाची खाच दिव्याच्या खाचेत नीट बसल्याशिवाय स्प्रिंग लावू नका.

शेवटी फ्यूज घाला, दिवा लावा आणि खडूची रेघ पाहा. ५ मीटरवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी.

दोन्ही बल्ब एकाच वयाचे असतील, तर दोन्ही बदलावेत आणि चांगला असलेला जुना बल्ब डबीत ठेवावा.

६. वाटेत सुटा बल्ब नसेल तर?

गेल्या पावसाळ्यात माझा डावीकडचा बल्ब घाटाच्या पायथ्याशी गेला. जवळपास दुकान नव्हते. दिवे निवल्यावर उजवीकडचा चांगला बल्ब काढून मी डावीकडे लावला आणि हळूहळू वर चढलो. मधला रस्ता हेडलाईटच्या डिप्परवर भागतो, डावी कड भागत नाही. एकच दिवा उरला असेल, तर तो पायी चालणाऱ्यांच्या बाजूला असावा.

धुके सरले की फॉग लाईट बंद करावेत. ओल्या डांबरावरून त्यांचा प्रकाश उसळून समोरच्याला त्रास देतो.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या कार्यकर्त्यांच्या गाड्यांमध्ये योग्य प्रकारचे दोन सुटे बल्ब, फ्यूज आणि स्वच्छ कापड आहे का? हा सारा खर्च एकदा टाकी भरण्याहून कमी आहे.

२. कार्यकर्त्याला उशीर झाला, तर आपण त्याला आधी काय विचारतो : “उशीर का झाला?” की “घाटात धुके होते का?”

३. आपण जेथून रोज जातो, त्या रस्त्याच्या डाव्या कडेने कोण कोण चालते?