शब्दांच्या मोजणीतून मनाचा अभ्यास : मानसशास्त्र, भाषा आणि संगणक यांना जोडणारे करिअर

मानसशास्त्राची ओढ असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरात बारावीनंतर जी चिंता दाटते, ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : समुपदेशन आणि अध्यापन यांपलीकडे या विषयात पोटापाण्याची वाट आहे का? अशी एक वाट भाषावापराच्या संगणकीय विश्लेषणाची आहे. माणूस जे लिहितो किंवा बोलतो, त्यातील शब्दांची संगणकाच्या साहाय्याने पद्धतशीर मोजणी करून त्याच्या मनाचा कल, भावावस्था आणि इतरांशी असलेले नाते यांविषयी सावध अनुमान काढणे, हे या शाखेचे काम होय.

शाखेची जडणघडण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, दररोज १५ मिनिटे लेखन करण्यास सांगितले होते. ज्यांनी आयुष्यातील क्लेशदायक घटना आणि त्यामागील भावना या दोन्हींविषयी लिहिले, त्यांचे आजारपणासाठी आरोग्यकेंद्रात जाणे पुढील काही महिन्यांत इतरांच्या तुलनेने कमी राहिले. मग त्या लेखनात नेमके काय होते, हा प्रश्न उभा राहिला. शेकडो निबंध माणसांकडून वाचून घेणे वेळखाऊ होते आणि वाचणाऱ्यांची मतेही जुळत नसत, म्हणून पेनबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘ल्यूक’ या उच्चाराने ओळखली जाणारी संगणकप्रणाली तयार केली.

या प्रणालीचा गाभा म्हणजे वर्गवार शब्दकोश. ‘रडला’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला की त्याची नोंद दुःख, नकारात्मक भावना आणि भूतकाळ अशा अनेक वर्गांत एकाच वेळी होते आणि शेवटी प्रत्येक वर्गाचे एकूण शब्दांशी असलेले शेकडा प्रमाण हाती येते. संशोधकांचे लक्ष वेधून घेतले ते मात्र भावनावाचक शब्दांपेक्षा सर्वनामे आणि अव्यये यांसारख्या, वाचताना सहसा नजरेतून निसटणाऱ्या शब्दांनी. २००४ मधील एका अभ्यासात, नैराश्य असलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘मी’ या अर्थाची एकवचनी सर्वनामे, कधीही नैराश्य न आलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांपेक्षा अधिक आढळली. पुढे २०१९ मध्ये अमेरिका व जर्मनी येथील ४,७०० हून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा हा संबंध टिकला, परंतु तो क्षीण असल्याचे आणि नैराश्यापेक्षा एकूण मानसिक अस्वस्थतेशी अधिक जोडलेला असल्याचे दिसून आले.

मराठीपुढील वेगळे आव्हान

इंग्रजीसाठी घडलेले हे मोजमाप मराठीवर जसेच्या तसे लावता येत नाही. ‘काल परीक्षेला गेलो, पण काहीच आठवलं नाही’ या वाक्यात ‘मी’ एकदाही आलेला नाही, तरीही बोलणारा ‘गेलो’ या क्रियापदाच्या प्रत्ययात उपस्थित आहे. ‘मला भीती वाटते’ म्हणताना तोच ‘मला’ या रूपात येतो. ‘मी चूक केली’, ‘माझ्या हातून चूक झाली’ आणि नुसते ‘चूक झाली’ या तीन वाक्यांत घटना एकच असली, तरी जबाबदारी स्वीकारण्याची पायरी प्रत्येक वेळी बदलते. ‘आम्ही’ म्हणणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, तर ‘आपण’ म्हणणारा त्याला सामावून घेतो. शिवाय ‘भयंकर आवडलं’ या शब्दांतील आनंद कोशावर विसंबलेला संगणक भीतीच्या खात्यात टाकण्याचा धोका असतो.

म्हणून शब्दाचे मूळ रूप आणि प्रत्यय वेगळे करणारे रूपविश्लेषण मराठीत अनिवार्य ठरते. आयआयटी मुंबईत शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणारा मराठी शब्दबंध विकसित झाला आहे, तर पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटचा, सकारात्मक, नकारात्मक व तटस्थ अशी वर्गवारी केलेला संच खुला केला. परंतु लाज, अपराधभाव, एकाकीपणा यांसारख्या सूक्ष्म भावस्थिती या तीन कप्प्यांत मावत नाहीत. मराठीवर प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचे मोलाचे योगदान देता येईल, ते नेमके येथेच.

शिक्षणाची वाट आणि कामाची क्षेत्रे

या शाखेत विज्ञान, कला किंवा वाणिज्य यांपैकी कोणत्याही बाजूने येता येते, मात्र संख्याशास्त्राला पर्याय नाही. मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्याला संख्याशास्त्राची आणि पायथन किंवा आर या संगणकभाषेची जोड देणे हा एक मार्ग आहे. गणितासह विज्ञान शाखेतून येणाऱ्यांना हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये संगणकशास्त्र आणि संगणकीय भाषाशास्त्र यांचा संयुक्त अभ्यासक्रम उपलब्ध आहे. मन, मेंदू व भाषा यांचा एकत्रित विचार करणाऱ्या संज्ञानशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठ येथे घेता येते. पुढे विद्यापीठीय संशोधन, भाषातंत्रज्ञान कंपन्या, ग्राहकांचे अभिप्राय अभ्यासणाऱ्या संस्था आणि मानसिक आरोग्यविषयक डिजिटल सेवा अशी कामाची क्षेत्रे आहेत. स्वतंत्र संशोधक होण्यासाठी बहुधा पीएच.डी.पर्यंतचा धीर धरावा लागतो, याची जाणीव कुटुंबाने आरंभीच ठेवलेली बरी.

पालकांनी लक्षात घ्यावे असे काही

ही मोजणी निदान करत नाही. समूहात दिसणारा कल एका व्यक्तीवर लादणे हे शास्त्र नव्हे, त्यामुळे मुलाचे संदेश चोरून वाचून त्यांतील ‘मी’ मोजण्याने विश्वास तुटण्यापलीकडे काहीही साधत नाही. मुलाविषयी काळजी वाटत असेल, तर त्याच्याशी बोलणे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जाणे हाच मार्ग आहे. अभ्यासासाठी वापरले जाणारे लेखन त्या व्यक्तीच्या संमतीनेच घ्यावे, हा धडा विद्यार्थ्याने संगणकभाषेच्याही आधी गिरवायला हवा.

कल ओळखण्यासाठी महागड्या चाचणीची गरज नाही. सुट्टीत वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालेली वीस वाचकपत्रे घ्यावीत, प्रत्येकातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हाताने मोजावेत आणि एखाद्या पत्रात तक्रार करणारा लेखक ‘आम्ही’ सोडून ‘आपण’वर कोठे आला, त्या ओळीवर खूण करावी. आकडे कागदावर मांडून झाल्यावरही ती ओळ पुन्हा वाचावीशी वाटली आणि ‘तो येथेच का वळला?’ हा प्रश्न सुटेना झाला, तर त्या विद्यार्थ्याने या वाटेचा गांभीर्याने विचार करावा.